पत्र्याखालचे वीस मिलिमीटर

पत्र्याच्या शेडला वैरी दोन : ऊन आणि आग. ऊन रोज येते. फेब्रुवारी सरता सरता सुरुवात होते, सकाळी अकराला ते पत्र्यावर ठाण मांडते आणि जूनच्या पहिल्या सरीपर्यंत त्याची एकही सुट्टी नसते. आग तीस वर्षांत एकदाही येणार नाही कदाचित. त्यामुळे कुपवाड, मिरज, पलूस, सातारा, कराड इथला वर्कशॉपवाला पत्र्याखाली काही लावायचे ठरवतो तेव्हा तो निर्णय उन्हाच्या तंत्राने होतो. कामगार दुपारी दोननंतर कैचीखाली, म्हणजे छपराच्या लोखंडी सांगाड्याखाली, उभा राहायला तयार नसतो, मालकाला ऑर्डर पुरी करायची असते, आणि दुकानदार म्हणतो, दोन दिवसांत लावून देतो. त्या दोन दिवसांत डोक्यावर जे चढते ते पुढे वीस वर्षे तिथेच राहते. या लेखाचे म्हणणे एवढेच की, ज्या छपराखाली वेल्डिंग, गॅस कटिंग किंवा ग्राइंडिंग चालते तिथे उष्णतारोधक निवडताना पहिला प्रश्न ‘हे जळते का?’ असा असला पाहिजे आणि ‘गारवा किती?’ हा दुसरा. प्रश्नांचा क्रम बदलण्याची किंमत मोजली तर ती आश्चर्य वाटावे इतकी कमी निघते.

उन्हाची बाजू हलकी समजू नये. सांगलीत मे महिन्यात पारा चाळीसच्या घरात असतो आणि उघडा पन्हळी पत्रा भर दुपारी साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतो. तापलेला पत्रा खालच्या हवेला उष्णता देतोच, पण त्याहून जास्त ती थेट किरणांनी माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर फेकतो. म्हणून पंखा लावूनही पत्र्याखाली बरे वाटत नाही. पंखा हवा हलवतो, किरणे अडवत नाही. पंचवीस बाय चाळीस फुटांची शेड धरा, म्हणजे हजार चौरस फूट. ढोबळ हिशेब केला तर अशा उघड्या पत्र्यातून दुपारी सुमारे पंधरा किलोवॉट उष्णता आत येते. एकेक किलोवॉटच्या पंधरा विजेच्या शेगड्या छताला उलट्या टांगाव्यात, तसा हा प्रकार आहे. पत्र्याखाली चांगला उष्णतारोधक थर आला की हाच आकडा दीड-दोनवर उतरतो. तेव्हा इन्सुलेशन ही चैन नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही ती चैन मानली नव्हती. त्याच्या कलम १३ मध्ये भिंती आणि छप्पर अशा साहित्याचे व अशा बांधणीचे असावे की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, असे स्पष्ट सांगितले होते. त्याच कायद्याचे कलम ३८ आगीचे होते : आग लागू नये आणि लागली तर आत-बाहेर पसरू नये यासाठी करता येईल ते सारे करावे. दोन कलमांत पंचवीस आकड्यांचे अंतर, पण दोन्ही त्याच एका छपराकडे बोट दाखवत होती. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथे. उन्हाची सोय करताना आगीची खबरदारी मोडली जाते, आणि ती मोडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

बाजारात मिळते काय, ते पाहू. सगळ्यांत जुना उपाय फुकटचा : उसाचे पाचट पत्र्यावर पसरणे. जनावरांच्या गोठ्यावर ते आजही दिसते आणि गारवा खरोखर देते, पण ठिणग्या उडणाऱ्या वर्कशॉपच्या डोक्यावर वाळलेले पाचट ठेवण्याबद्दल वेगळे लिहायला नको. दुसरा उपाय चुन्याचा. पांढरा पत्रा ऊन परत पाठवतो, चुना जळत नाही आणि खर्च किरकोळ. जत, आटपाडी, माण, खटावसारख्या कमी पावसाच्या भागात तो एक उन्हाळा नीट टिकतो; पाटण-मेढ्याकडे पहिल्याच पावसात पन्हाळीतून वाहून जातो. आता टिकाऊ पांढरे रंगही मिळतात. इन्सुलेशनचा विचार करणाऱ्याने आधी पत्रा पांढरा करावा आणि मग उरलेल्या उष्णतेचा हिशेब मांडावा असे माझे मत आहे, पण पांढरा पत्रा धुळीने मळतो आणि ग्राइंडिंगच्या काळ्या भुकटीने तर फारच लवकर. मग येतात खरी विकत घ्यायची साहित्ये : थर्माकोल, चंदेरी बबल शीट, फोमची गुंडाळी, दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन भरलेले पफ पॅनेल, आणि दुसऱ्या बाजूला काचेची लोकर, म्हणजे ग्लासवूल, आणि वितळलेल्या दगडाचे धागे करून बनवलेले रॉकवूल. पहिल्या गटातले सगळे तेलाच्या कुळातले आहे, दुसऱ्या गटातले मातीच्या. कराडजवळच्या ओगलेवाडीने १९१६ पासून काच बनवली आणि तिथल्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्राच्या कितीतरी घरांत ज्योतीभोवती काच उभी केली. काच आगीशेजारी राहू शकते हे या भागाला कोणी नव्याने सांगायला नको.

फोमच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा असा की पातळ थरात तो जास्त उष्णता अडवतो. हे खरे आहे. उष्णता वाहून नेण्याच्या मापात पॉलियुरेथेन फोमचा आकडा साधारण ०.०२३ येतो, रॉकवूल-ग्लासवूलचा ०.०३५ ते ०.०४०. आकडा जितका लहान तितका थर चांगला. दुकानदार इथे थांबतो. पण छपराला आकडा लावत नाहीत, थर लावतात. तीस मिलिमीटर फोम जेवढी उष्णता अडवतो तेवढीच पन्नास मिलिमीटर लोकर अडवते. फरक वीस मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांहून कमी. फ्रिजच्या भिंतीत वीस मिलिमीटर मोलाचे असतात, कारण तेवढी आतली जागा जाते. सोळा-अठरा फूट उंच शेडमध्ये त्या वीस मिलिमीटरना काय मोल आहे? तिथे कोणाला कपाट बसवायचे नाही. वजनाचा प्रश्न काढला जातो, तर पन्नास मिलिमीटर जाडीची, घनमीटरला अठ्ठेचाळीस किलो घनतेची लोकर चौरस मीटरला अडीच किलोच्या आत भरते. कमी उताराच्या, वर ये-जा नसलेल्या छपरासाठी आपली मानके चौरस मीटरला सुमारे पंचाहत्तर किलोचा भार धरायला सांगतात. अडीच किलोने वाकेल अशी कैची असेल तर तिची काळजी इन्सुलेशनच्या आधी करायला हवी.

आता जळण्याची बाजू. त्याच हजार चौरस फुटांच्या शेडला तीस मिलिमीटर फोम लावला तर छताला एकूण एकशे दहा किलोच्या आसपास फोम चिकटतो. त्याच्यात साठलेली उष्णता मोजली तर ती सत्तर-ऐंशी लिटर डिझेलएवढी भरते. कोणताही शहाणा मालक वेल्डिंगच्या टेबलाशेजारी एवढे डिझेल ठेवू देणार नाही. फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या आधी तोच ते हलवेल. पण तेच जळण पातळ करून संपूर्ण छताला फासले की ते कोणाला जळण वाटत नाही, कारण ते पांढरे, हलके आणि ‘इन्सुलेशन’ असते. रॉकवूलच्या तेवढ्याच छतात धागे चिकटवणारे राळेसारखे द्रव्य पाच-सहा किलो असते, ते काही काळ धुमसते, धागा मात्र हजार अंशांपर्यंत दगडासारखा राहतो. ग्लासवूल त्याच्या बरेच आधी मऊ पडते, तरी आगीला खाद्य देत नाही. थर्माकोलची गोष्ट सगळ्यांत वाईट. ऐंशी-शंभर अंशांनाच तो आकसू लागतो, पुढे पेटल्यावर त्याचे जळते थेंब खाली पडतात आणि जिथे पडतात तिथे नवी आग. पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतो. आगीत दगावणाऱ्यांत जळण्याआधी गुदमरलेल्यांची संख्या मोठी असते, हे अग्निशमन दलातला कोणताही जवान सांगेल.

छत हेच ठिकाण का महत्त्वाचे, याचा खुलासा केला पाहिजे, कारण इथेच एक समंजस आक्षेप येतो. विट्याच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सूत असते, फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये भुसा आणि थिनर, गॅरेजमध्ये तेल. जळण खाली भरपूर असताना छताच्या अस्तराने काय बिघडते? सोलापूरच्या एमआयडीसीत १८ मे २०२५ रोजी टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ माणसे गेली. अशा कारखान्यात सूत आणि कापड हेच मुख्य जळण, अस्तर असो वा नसो. आक्षेप बरोबर आहे, पण त्याने उलटेच सिद्ध होते. जमिनीवर लागलेली आग सुरुवातीला एका जागी असते. बादली, वाळू, अग्निशामक घेऊन माणूस तिच्याशी झुंजू शकतो. तिचा तापलेला वायू मात्र सरळ वर जातो आणि छताखाली पसरतो. छत न जळणारे असेल तर आग जागेवर वाढायला वेळ घेते. छत फोमचे असेल तर दहा फुटांवरची आग क्षणात सगळ्यांच्या डोक्यावर येते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ रोजी ‘द स्टेशन’ नावाच्या नाइटक्लबमध्ये आवाज अडवण्यासाठी भिंतींना लावलेल्या पॉलियुरेथेन फोमवर दारूकामाच्या ठिणग्या पडल्या आणि शंभर जण मेले. सरकारी संशोधन संस्थेने तीच रचना प्रयोगशाळेत उभी करून पाहिली, तेव्हा आतली स्थिती सुमारे दीड मिनिटात माणूस जगू शकणार नाही अशी झाली. टेबल, खुर्च्या, पडदे जळायला लागण्याच्या आधीच अस्तराने निकाल लावला होता. शेडमध्ये याला जोडून आणखी एक गोष्ट असते : लोखंडी कैची. पोलाद जळत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंशांना त्याची ताकद निम्म्यावर येते. फोमची आग ज्या उंचीवर भडकते त्याच उंचीवर कैची असते.

वर्कशॉपमध्ये ठिणगी बाहेरून यावी लागत नाही. गॅस कटरने प्लेट कापताना निघणारा वितळलेला लोखंडाचा मणी जमिनीवर आपटून उसळतो आणि गडगडत दूर जातो; अशा कामाभोवती पस्तीस फुटांपर्यंत जळणारे काही नसावे असा अमेरिकन मानकांचा दंडक आहे, आणि आपल्याकडेही वेल्डिंग-कटिंगच्या आगप्रतिबंधासाठी आयएस ३०१६ हे स्वतंत्र मानक आहे. पंचवीस बाय चाळीसच्या शेडमध्ये पस्तीस फूट म्हणजे जवळपास सगळी शेडच. त्यातून खरा धोका रोजच्या कामाचा नसतो. तो येतो नंतरच्या बदलांच्या वेळी. मालकाला चेनपुली टांगायची असते म्हणून वेल्डर शिडी लावून कैचीला प्लेट जोडतो. पंखा बसवायचा म्हणून पॅनेलला भोक पाडतात. वायरिंगवाला फोम कोरून त्यात पाइप दाबतो. भोकाच्या कडेला पत्र्याच्या आत फोम उघडा पडतो, त्या फटीत एक मणी जाऊन बसतो आणि धुमसू लागतो. वर पत्रा, खाली पत्रा, मध्ये आग. पाणी मारले तरी ते पत्र्यावरून ओघळून जाते. दुपारी चारला झालेल्या वेल्डिंगची आग शेड बंद झाल्यावर रात्री दिसते ती अशी.

‘आमचा फोम फायर रिटार्डंट आहे’ हे उत्तर इथे येते आणि त्याच्याबरोबर लायटर येतो. विक्रेता खिशातून नमुन्याचा तुकडा काढतो, त्याच्या कडेला लायटरची ज्योत धरतो, कड काळी पडते, ज्योत काढली की तुकडा विझतो. समोरचा खूश. प्रयोग खोटा नसतो. तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतो. छोट्या ज्योतीला थोडा वेळ न पेटणे हा एक गुण झाला, आणि आजूबाजूला आग असताना तीत भर न घालणे हा दुसरा. आगरोधक रसायने घातलेला फोम पहिल्या परीक्षेत पास होतो आणि दुसऱ्या परीक्षेत इतर फोमसारखाच जळतो, फार तर जरा उशिरा. हा शब्दांचा खेळ जुना आहे. १९७३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोम बनवणाऱ्या पंचवीसएक कंपन्या, त्यांची संघटना आणि चाचण्यांची मानके ठरवणारी संस्था यांच्यावर तक्रार गुदरली : ‘न जळणारे’, ‘आपोआप विझणारे’ असे शब्द प्रयोगशाळेतल्या लहान चाचण्यांवरून वापरले जातात आणि ग्राहकाची दिशाभूल होते. पुढच्याच वर्षी कंपन्यांनी समझोता करून ते शब्द सोडायचे मान्य केले. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत ते अजून सुखाने नांदत आहेत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीला १४ जून २०१७ च्या पहाटे लागलेल्या आगीत ७२ जण गेले. आग मुख्यतः बाहेरच्या आच्छादनामुळे पसरली, त्यामागचा फोमही तीत सामील होता. २०२४ च्या चौकशी अहवालाने साहित्य बनवणाऱ्यांनी चाचण्यांच्या बाबतीत पद्धतशीर लबाडी केल्याचे नमूद केले. तेव्हा कागद बघताना चाचणीचे नाव वाचावे लागते. ‘बीएस ४७६ भाग ७, क्लास १’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ पृष्ठभागावर ज्वाळा हळू पसरते, एवढाच. पदार्थ जळत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ‘यूएल ९४’ ही प्लास्टिकच्या लहान पट्टीवरची चाचणी आहे. ज्वलनशीलतेचा सरळ प्रश्न विचारणारे आपले मानक आयएस ३८०८ : नमुना साडेसातशे अंशांच्या भट्टीत ठेवायचा आणि तो स्वतःची उष्णता सोडतो का, पेट घेतो का, ते पाहायचे. तिथे लायटर लागत नाही. कोणताही फोम त्या भट्टीत पास होत नाही, कितीही रसायने घाला.

मग नियम काय म्हणतात? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की ‘वर्कशॉपच्या पत्र्याखाली अमुकच लावा’ असे एका ओळीत लिहिलेले नियमपुस्तक शोधणारा हात हलवत परत येईल. नियम विखुरलेले आहेत, आणि जागेवर अवलंबून आहेत. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, ती सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला आणि साताऱ्याला लागू. पण एमआयडीसीच्या हद्दीला नाही, कारण तिथे महामंडळ स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे आणि त्याची नियमावली वेगळी. म्हणजे कुपवाडमध्ये एमआयडीसीच्या रेषेच्या आतली आणि बाहेरची अशा दोन शेडचे नकाशे दोन कचेऱ्यांत मंजूर होतात. दोन्हीकडे आगीच्या बाबतीत शेवटी आधार घेतला जातो तो राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागाचा आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. हा अधिनियम जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर टाकतो. विक्रेत्यावर नाही, आर्किटेक्टवर नाही. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. ते अग्निशामके आणि पाण्याच्या यंत्रणेबद्दल असते. छताला काय चिकटवले आहे याकडे त्या कागदाची नजर क्वचितच जाते. संहिता मात्र उद्योगांची धोक्यानुसार जी-१, जी-२, जी-३ अशी विभागणी करते, इमारतीच्या प्रत्येक भागाने किती मिनिटे आग सोसावी ते सांगते आणि आतल्या पृष्ठभागांना ज्वाळा पसरण्यावरून वर्ग देते. एका जागी तर तिचे मन अगदी उघडे दिसते. वातानुकूलनाच्या डक्टला आतून-बाहेरून लावायचे इन्सुलेशन न जळणारे असावे असे सांगून ती पुढे म्हणते की ग्लासवूलसुद्धा जळणाऱ्या वेष्टणात गुंडाळू नये वा जळणाऱ्या वस्तूने बांधू नये. एका डक्टच्या बाबतीत संहिता इतकी काटेकोर असेल तर संपूर्ण छताच्या बाबतीत तिचा कल कुठे असेल हे सांगायला वकील नको. आणि ती ओळ लोकरवाल्यांनाही ताळ्यावर आणते : स्वस्त लोकर अनेकदा प्लास्टिकच्या पांढऱ्या कागदात गुंडाळून येते. आत दगड, बाहेर पिशवी. अॅल्युमिनियम फॉइल आणि खाली जस्ताची जाळी, हे वेष्टण त्या ओळीत बसते.

लहान वर्कशॉपला हे सगळे लागू नाही, असे म्हणणारे असतील आणि कागदावर ते पुष्कळदा खरेही ठरेल. चार माणसांचे गॅरेज, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली स्पिरिट आणि लाखेचे पॉलिश चालणारी खोली, घरामागचे फॅब्रिकेशन. यांच्यापर्यंत तपासणी पोचत नाही. पण कामगारांची संख्या मोजून लागू होणारा नियम आगीला ठाऊक नसतो, आणि लहान शेडला दार एकच असते.

लोकरीवरचे आक्षेपही ऐकले पाहिजेत. पहिला पाण्याचा. ओली लोकर उष्णता अडवत नाही, जड होऊन लोंबते आणि पत्र्याला आतून गंज चढवते. सांगलीपेक्षा साताऱ्याच्या पश्चिमेला हा आक्षेप जास्त खरा, महाबळेश्वरच्या पायथ्याच्या पट्ट्यात तर फारच. पण गळती बहुधा पत्र्याच्या स्क्रूपाशी असते, आणि रबरी वॉशर कडक झाला की फोमच्या छतातही पाणी येतेच. फरक एवढा की फोम ते लपवतो आणि पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी पट्टी, आतून सडल्यावर कळते. पाणी दूर सारणारी प्रक्रिया केलेली लोकर, फॉइल खालच्या बाजूला, जोडांवर फॉइलचीच पट्टी आणि पाच-सात वर्षांनी वॉशर बदलणे, एवढ्याने प्रश्न आटोक्यात राहतो. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो : लोकर पर्लिनवर टाकून वरून पत्रा आवळला की पर्लिनच्या रेषेत पन्नास मिलिमीटरचा थर दाबून पापडाएवढा होतो आणि तिथून उष्णता सुखाने आत येते. जाळी थोडी सैल सोडून थर फुगलेला ठेवणारा कारागीर मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. तिसरा आक्षेप खाजेचा आणि त्याच्या आडून अॅस्बेस्टॉसचा. लोकर लावताना अंग खाजते, घशात जाते. लावणाऱ्याला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट दिलाच पाहिजे. पण ती अॅस्बेस्टॉसच्या रांगेत बसत नाही. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ मध्ये इन्सुलेशनची ग्लासवूल आणि रॉकवूल तिसऱ्या गटात ठेवली, म्हणजे माणसात कर्करोग करतात असे म्हणण्याइतका पुरावा नाही. अॅस्बेस्टॉस त्याच संस्थेच्या पहिल्या गटात आहे. गंमत अशी की ज्या छपराखाली ही शंका काढली जाते ते छप्पर पुष्कळदा जुन्या सिमेंट पत्र्याचे, म्हणजे अॅस्बेस्टॉसचेच असते. राहिला खर्च. दर हंगामागणिक हलतात, म्हणून आकडा देत नाही; पण कोटेशन मागताना समान जाडीचे मागू नये, समान उष्णतारोधाचे मागावे. तीस मिलिमीटर फोमसमोर पन्नास मिलिमीटर लोकर ठेवली की तुलना खरी होते.

एका ठिकाणी माझा युक्तिवाद थांबतो, आणि ते ठिकाण सांगलीतच आहे. बेदाणा आणि हळदीची शीतगृहे. तिथे शंभर मिलिमीटर फोमच्या जागी पावणेदोनशे मिलिमीटर लोकर लागेल, आणि थंड खोलीकडे ओढ घेणारे बाष्प लोकरीत शिरून ती ओली करेल. शीतगृहाला पफ पॅनेल सोडून दे म्हणणे व्यवहाराला धरून नाही. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात हळद पूर्वी पेवांत राहायची. जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंडाची आणि आत रुंद होत गेलेली ती पेवे म्हणजे मातीचेच उष्णतारोधक, आणि त्यात हवा इतकी कोंडलेली की पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. जिथे माणसाला श्वास मिळत नाही तिथे आगीला कुठून मिळणार! २००५ च्या महापुराने त्यातली बरीचशी खचली आणि हळद जमिनीवर, पत्र्याखाली आली. पेवे परत येणार नाहीत. पण दक्षिण कोरियातल्या इचॉन शहराची गोष्ट शीतगृह बांधणाऱ्याने लक्षात ठेवावी. तिथे ७ जानेवारी २००८ रोजी शीतगृहाच्या आगीत चाळीस जण मेले आणि २९ एप्रिल २०२० रोजी त्याच शहरात गोदामाच्या बांधकामावर अडतीस. दोन्ही वेळा युरेथेन फोम होता, दोन्ही वेळा बांधकाम संपत आलेले होते, आणि दुसऱ्या वेळी फोम लावून झाल्यावर वेल्डिंग चालू असल्याचे तपासात निघाले. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी सत्तावीस जण गेले तेव्हाही आत वेल्डिंग चालू होते. तेव्हा शीतगृहात फोम राहू द्यावा, पण दोन खोल्यांमधली भिंत आणि यंत्रघराची भिंत रॉकवूल पॅनेलची घ्यावी, वायर पॅनेलच्या पोटातून नेऊ नये आणि फोम चढल्यानंतर आत वेल्डिंगची कांडी पेटू देऊ नये. आणि शीतगृहाच्या आवारात दुरुस्तीचे वर्कशॉप असेल तर ते वेगळ्या छपराखाली असावे. त्या छपराला वरचा सगळा हिशेब लागू आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये कोटेशन येईल तेव्हा त्यावर हाताने एक ओळ लिहून विक्रेत्याची सही घ्या : ‘पुरवलेला माल वेष्टणासह आयएस ३८०८ नुसार न जळणारा आहे; याच घनतेच्या आणि जाडीच्या नमुन्याचा चाचणी अहवाल सोबत जोडला आहे.’ जो सही करेल त्याचा दर बघा. जो लायटर काढेल त्याला चहा पाजून परत पाठवा.